परत मोजा, दाजी

कुवेतमध्ये आजवर जे काही दोनदा मोजलं गेलं असेल, त्यातलं निम्मं तरी आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या बाईंनी मोजलेलं आहे, आणि उरलेलं निम्मं त्यांनी दुसऱ्या कोणाकडून तरी मोजून घेतलेलं आहे. त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात बावीस वर्षं परिचारिका होत्या. तिथे शस्त्रक्रियेआधी गॉजचे तुकडे, सुया, चिमटे मोजून मांडतात आणि जखम शिवण्याआधी पुन्हा मोजतात; आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही मोठा असला तरी त्याला टाका घालता येत नाही. बाकीच्या परिचारिका हा नियम ड्यूटी संपल्यावर गणवेशाबरोबर लॉकरमध्ये ठेवत असतील. बाई तो घरी घेऊन यायच्या. त्यांच्याकडे जेवायला गेलं की दारातल्या चपला मोजल्या जायच्या आणि निघताना पुन्हा मोजल्या जायच्या. पोळ्या डब्यात जाताना मोजायच्या, डब्यातून ताटात येताना मोजायच्या. कुवेतच्या सलवा भागातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट होती, पण बाई जिन्यानं यायच्या, कारण मधल्या मजल्यावरची एक पायरी दुरुस्तीत कमी झाली असा त्यांना संशय होता. ती झालेली नव्हती, असं दोनदा मोजल्यावर त्यांनी मला सांगितलं.

मराठी मंडळाच्या हिवाळी सहलीचा किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. समुद्रावरून परत निघताना बसमध्ये मुलं मोजायचं काम साहजिकच बाईंकडे होतं. सत्तावीस मुलं आली होती आणि मोजली तर अठ्ठावीस भरली. बाईंनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं. मंडळाचे सेक्रेटरी वैतागून म्हणाले, "अहो, एक जास्तच आहे ना? कमी तर नाही?" बाई म्हणाल्या, "कमी असलं तर आपण शोधतो. जास्त असलं तर दुसरं कुणीतरी शोधत असतंय." शेवटच्या सीटवर एक इजिप्शियन मुलगा आमच्या मुलांच्या पिशव्यांवर डोकं ठेवून गाढ झोपलेला सापडला. त्याची आई तोपर्यंत किनाऱ्यावर आरामात चहा पीत होती, तिला अजून पत्ताही नव्हता. बाईंनी मुलगा तिच्या हवाली केला आणि जाता जाता खुणेनं तिची बाकीची मुलंही मोजून घ्यायला लावली.

बाई लातूरकडच्या आणि माझी बायको सोलापूरची. महाराष्ट्रात हे अंतर बऱ्यापैकी आहे. सलव्यात त्याला एकच माहेर म्हणतात. बाई तिला ताई म्हणत, त्यामुळे मी आपोआप दाजी झालो. मी पुण्यात वाढलेला, पुस्तकात डोकं घालून बसणारा माणूस. ही हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा आपल्या मागे कोणी उभं आहे की काय, म्हणून मी वळून पाहिलं होतं. कुवेत सिटीतल्या एका कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे इंजिनिअर लोक जे नकाशे आणि कागद तयार करतात, त्यांना क्रमांक देऊन योग्य त्या फोल्डरमध्ये ठेवायचं. आमच्या दोघांच्या धंद्यात तसं साम्य होतं, पण मी कागद सांभाळायचो आणि बाई माणसं, हा फरक मला फार उशिरा कळला.

जानेवारीत माझी बायको गेली. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. तेवढं सावकाश लिहायलासुद्धा मला अजून येत नाही. घरात मी आणि पंधरा वर्षांची मुलगी उरलो. बायकोचं कपाट मी कुलूप लावून बंद केलं आणि किल्ली टेबलाच्या खणात, एका शब्दकोशाच्या मागे ठेवली. मार्चमध्ये मित्र म्हणाले, शुक्रवारच्या क्रिकेटला ये, मन रमेल. मी कधीच क्रिकेट खेळलो नव्हतो, म्हणून त्यांनी मला मैदानाच्या अशा कोपऱ्यात उभं केलं जिथे काहीच घडत नाही. तिथेच माझा उजवा गुडघा गेला. चेंडू दुसऱ्या टोकाला होता. कोणीतरी हाक मारली म्हणून मी झटकन वळलो, पाय जमिनीत तसाच राहिला आणि बाकीचा मी वळलो. गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं, आणि फिजिओथेरपिस्टनं घरी करायच्या व्यायामांचा एक कागद हातात दिला. त्यावर इंग्रजीत आणि अरबीत सूचना होत्या आणि प्रत्येक चित्रातला माणूस हसत होता. मी तो कागद पारदर्शक फोल्डरमध्ये घातला, कोपऱ्यात तारीख लिहिली आणि फडताळात ठेवला. माझ्या व्यवसायात याला काम पूर्ण झालं असं म्हणतात.

आठवड्यानं बाई ड्यूटीवरून थेट आमच्याकडे आल्या. मी पाय उशीवर ठेवून वाचत पडलो होतो.

"व्यायाम झाला का, दाजी?"

"कागद आहे," मी म्हणालो. "ठेवलाय व्यवस्थित."

त्यांनी फडताळातून फोल्डर काढलं, वाचलं, उलटसुलट पाहिलं. "हे फोल्डर पाय उचलणार हाय का तुमच्या जागी?" म्हणाल्या, आणि कागद बाहेर काढून फ्रिजवर चुंबकानं लावून टाकला. त्या दिवसापासून पुढचे कित्येक महिने, दुपारची ड्यूटी नसली की, रोज संध्याकाळी पाच वाजता आमच्या दारावर दोन टकटक व्हायच्या. एक आल्याची आणि एक खात्रीची.

व्यायाम साधे होते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती गुडघ्यानं खाली दाबायची आणि मांडी आवळून दहा आकडे धरायची. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. पाठीवर झोपून टाच गादीवरून घसटत आपल्याकडे आणायची, म्हणजे गुडघा वाकतो. हे सगळं दहा वेळा, असं कागदावर लिहिलं होतं. माझे दहा झाले की बाई म्हणायच्या, "काउंट बरोबर. आता परत मोजा." परत मोजायचं तर परत करावं लागतं. अशा रीतीनं कुवेतमधल्या गुडघ्याच्या सगळ्या रुग्णांत फक्त माझेच दहा हे वीस होते. मी एकदा ही गोष्ट नम्रपणे त्यांच्या नजरेस आणून दिली. त्या म्हणाल्या, "पहिले दहा तुमचे. दुसरे दहा माझ्या समाधानाचे."

पाय उचलताना घोट्यावर वजन बांधायची वेळ आली, तेव्हा मी दुकानातून वजनं आणू म्हणालो. बाईंनी कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, हरभऱ्याच्या डाळीची अर्ध्या किलोची दोन पाकिटं आणली, उशीच्या जुन्या अभ्र्याची पिशवी शिवली आणि पाकिटं तशीच त्यात घातली. "लोखंड घेऊन नंतर काय करायचंय? डाळीचं पुरण तरी होतंय." मोजायचं काम माझ्या मुलीकडे दिलं. ती इथेच जन्मलेली. आपण मराठीत विचारावं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, हा आमच्या घरचा शिरस्ता. ती 'वन, टू' करू लागली की बाई हात वर करायच्या. "मराठीत, बाळा. पायाला इंग्लिश कळत नाही, तो पुण्याचा हाय." दहापर्यंत ठीक चालायचं. पुढे पुढे तीन-तीन फेऱ्या सलग झाल्या की मुलगी एकोणतीसवर अडायची. "मावशी, दिस इज नॉट लॉजिकल. तीस आलाच नाही अजून, तर त्याचं नाव आधी का घ्यायचं?" बाई शांतपणे म्हणायच्या, "एक कमी हाय म्हणून. जे कमी हाय त्याच्यावरून नाव पडतंय." तोवर माझा पाय हवेत असायचा.

गुडघा किती वाकतो ते मुलीच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजायचं आणि फ्रिजवरच्या कागदावर पेन्सिलीनं लिहायचं. बाईंना दुपारची ड्यूटी असली की मी फोटो पाठवायचा. एकदा मी कंटाळून चांगल्या पायाचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "हा डावा हाय. टाके कुठं गेले? मी मोजलेत ते. उजवा पाठवा." आणि त्याखाली आणखी एक ओळ, "डावा लई छान वाकतोय. त्याला शाबासकी सांगा."

मी आळशी होतो असं वाचणाऱ्याला वाटेल. खरं तर मला बरं व्हायची घाई नव्हती. पडून राहायला एक सबळ कारण मिळालं होतं, आणि ते सोडवत नव्हतं. पाच आठवडे झाले तरी गुडघा पासष्ट अंशांवर अडून बसला होता. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी पाय हातात घेतला, थोडा दाबून पाहिला आणि म्हणाले, "आत जखमेच्या तंतूंचं जाळं धरतंय. दोन आठवडे देतो. नव्वद अंश झाले नाहीत तर थिएटरमध्ये घेऊन, भूल देऊन मलाच वाकवावा लागेल."

तसं ते मोठं काम नव्हे, असंही ते म्हणाले. पण ते थिएटर चौथ्या मजल्यावर आहे, आणि त्याच्या दारासमोर भिंतीला लागून एक निळी खुर्ची आहे. जानेवारीत मी त्या खुर्चीवर सकाळपासून बसलो होतो, आणि तिथून उठलो तेव्हा बायको नव्हती. मे महिन्यात मला स्ट्रेचरवरून तिथे नेलं, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. या वेळी तिथे माझी मुलगी बसली असती. त्या खुर्चीवर, एकटी. ते मला काही करून होऊ द्यायचं नव्हतं, आणि पायात मात्र पासष्टच्या पुढे काहीच नव्हतं.

संध्याकाळी बाईंना डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "चौथा मजला?"

"हो."

त्या थोडा वेळ बोटांवर काही मोजत राहिल्या. "पंचवीस अंश पाहिजेत. चौदा दिवस हायत. दिवसाला दोन धरले तर अठ्ठावीस. तीन जास्तच होतात की, दाजी." मग माझ्या पायात अडकवलेला टॉवेल त्यांनी काढून घेतला. टाच ओढायला तो आखूड पडायचा, आणि दुकानातून आणलेला पट्टा तळव्याला रुतायचा. "लांब, मऊ, सुती पाहिजे काहीतरी. धुऊन धुऊन मऊ झालेलं." त्या कपाटाकडे बघत म्हणाल्या, "किल्ली द्या."

"नको," मी म्हणालो. माझा आवाज माझ्या कल्पनेपेक्षा मोठा होता. मुलगी स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

बाई चिडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या, पदर नीट केला. "दाजी, आत साड्या किती हायत, ठाऊक हाय का तुम्हाला?"

"नाही."

"एकोणचाळीस. मला ठाऊक हाय, दर दिवाळीला ताई आणि मी मिळून मोजायचो. त्यातल्या दोन रेशमी माझ्या हायत. ताईला नेसायला दिल्या होत्या, राहून गेल्या. माझ्या मला द्या. बाकी काय नको."

दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवून घेणं माझ्यासारख्या माणसाला जमत नाही. मी शब्दकोश सरकवला आणि किल्ली काढून दिली. पाच महिन्यांनी ते दार उघडलं. वेखंडाचा आणि तिच्या पावडरीचा वास खोलीभर आला, आणि मी खिडकीकडे तोंड करून पडून राहिलो. मागे बाई मोजत होत्या. एकदा, मग पुन्हा एकदा. नंतर त्या पलंगाशी आल्या तेव्हा त्यांच्या काखेत दोन रेशमी साड्या होत्या आणि हातात एक फिकट जांभळी सुती, काठ विटलेली, घरात रोज नेसायची.

"आणि ही एक उसनी," त्या म्हणाल्या. साडीचा मध्य त्यांनी माझ्या टाचेखाली घातला आणि दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. "ओढा. हळू. ताईला लागंल असं ओढू नका."

पुढचे दिवस माझ्या चांगले लक्षात आहेत. बाहेर धुळीचं वादळ होतं, खिडक्या पिवळ्या झाल्या होत्या, एसी घरघरत होता. मी साडीची टोकं धरून टाच आपल्याकडे आणायचो आणि गुडघ्यात सुरी फिरल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी, पाय ताणून धरलेला असताना, मी अचानक बोलायला लागलो. ही साडी तिनं कुठे घेतली, दुकानदाराशी कशी हुज्जत घातली, इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ती ओली करून खिडकीला कशी लावायची. जानेवारीपासून मी तिच्याबद्दल एवढं कधीच बोललो नव्हतो. बाईंनी मोजणं थांबवलं नाही. फक्त आवाज खाली आणला, माझं बोलणं ऐकू यावं इतका. मुलगी दाराशी बसून ऐकत होती. त्या दिवशी दहाच्या ऐवजी किती आकडे धरले गेले देव जाणे. काउंट चुकला असेल, पण बाई काही बोलल्या नाहीत. फ्रिजवर मुलीनं त्र्याहत्तर लिहिलं.

तेराव्या दिवशी कोनमापकावर एक्क्याण्णव आले. बाईंनी परत मोजलं, तर नव्वद. "कमी असंल तो खरा," म्हणाल्या आणि नव्वद लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या मापकानं ब्याण्णव सांगितले आणि थिएटरची गरज नाही म्हणाले. परत आल्यावर मी हे बाईंना मोठ्या अभिमानानं ऐकवलं. "त्यांचं यंत्र ढिलं हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्या घोट्यावरची पिशवी उसवून त्यांनी डाळ शिजत घातली. रात्रीच्या जेवणाला पुरणपोळ्या होत्या. मी इतका वेळ जे वजन पायानं उचललं होतं, ते आता तूप घालून खाल्लं. माझ्या पानात चार वाढल्या होत्या. मी तीनच मोजल्या, तर बाईंनी परत मोजायला लावलं.

कुबडी सोडायची वेळ आली तेव्हा माझे पाय शिकलेलं विसरले होते. फिजिओथेरपिस्टनं आरशासमोर चालायला सांगितलं होतं, पण आरशात मला चालणारा माणूस दिसत नसे, पडणारा दिसे. बाईंनी धुतलेल्या चादरी आणल्या. एका चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दोन स्वतः धरली. "घडी घालायची. फुडं या." मी पुढे गेलो, टोकं जुळवली. "मागं जा. परत फुडं या." हात चादरीत गुंतलेले, त्यामुळे भिंत धरता येत नव्हती, आणि घडी बिघडू नये या काळजीत पायांची काळजी करायचं राहून गेलं. आठवडाभर मी आमच्या, त्यांच्या आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांच्याही चादरींच्या घड्या घातल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला इस्त्रीचंही विचारलं होतं.

सप्टेंबरात मी ऑफिसला जाऊ लागलो. बाईंचं येणं रोजचं राहिलं नाही, पण शुक्रवारी येऊन मी भिंतीला पाठ टेकून किती बैठका मारतो ते पाहायच्या. जांभळी साडी पलंगाच्या दांडीलाच होती. सकाळी पाय आखडलेला असायचा, तेव्हा ती लागायची. गेल्या वर्षी त्यांच्या सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि बाई नोकरी सोडून कायमच्या लातूरला निघाल्या. निघायच्या दिवशी सामान मोजून झाल्यावर त्या समोरून आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यात दोन रेशमी साड्या होत्या, जशाच्या तशा, मूळच्या घड्या न मोडलेल्या.

"ठेवा आत," त्या म्हणाल्या. "ताईच्याच हायत. माझा काउंट चुकला होता."

बावीस वर्षांत थिएटरात एकही आकडा ज्यांनी चुकू दिला नाही, त्या बाई माझ्या दारात उभ्या राहून हे सांगत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जराही संकोच नव्हता. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही कधी चुकत नाही."

"चुकतंय की, दाजी. गरज पडली तर चुकावं लागतंय." मग त्यांनी माझ्या मुलीला जवळ घेतलं, आमच्या दारातल्या चपला मोजल्या, परत मोजल्या, आणि लिफ्टनं खाली गेल्या.

आता समोरच्या घरात एक तरुण जोडपं राहतं. त्यांच्याकडे खूप पाहुणे येतात. बाहेर चपलांचा ढीग असतो आणि कोणी मोजत नाही. लातूरहून दर शुक्रवारी फोन येतो. मी बैठकांचा आकडा सांगतो आणि पलीकडून अपेक्षित तेच उत्तर येतं.

परवा मी जांभळी साडी धुतली. पाय आता सकाळी आखडत नाही. तिला पलंगाच्या दांडीवर ठेवायला काही कारण उरलं नव्हतं. वाळल्यावर मी तिची घडी घालायला लागलो. सहा वार एकट्याला आवरत नाहीत. एक टोक खुर्चीला अडकवून पाहत होतो, तेवढ्यात मुलगी आली आणि तिनं ते टोक हातात घेतलं. साडी आम्हा दोघांमध्ये ताणली गेली. मी तसाच उभा राहिलेला पाहून ती म्हणाली, "फुडं या, बाबा." अगदी त्याच हेलात.

मी पुढे गेलो. उजवा पाय आधी.

घडी झाल्यावर आम्ही कपाट उघडलं. त्याला आता कुलूप नसतं. साडी आत ठेवून मुलीनं सगळी चवड बोटानं मोजली. "थर्टी नाइन," ती म्हणाली.

"परत मोज," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली, या वेळी मराठीत, सावकाश, एकेका घडीवर बोट ठेवत. एकोणतीसला अडखळली नाही. शेवटच्या जांभळ्या घडीशी आली आणि म्हणाली, "एकोणचाळीस."